५यू४जीबी काढली तेव्हा: गिटार अ‍ॅम्प्लिफायरच्या रेक्टिफायरमधला एक बदल

माझा अ‍ॅम्प्लिफायर मी स्वतः बांधलेला आहे. त्यात स्पीकर चालवणाऱ्या दोन ६एल६जीसी निर्वात नळ्या पुश-पुल जोडीत (लाटेचे दोन अर्धे भाग आळीपाळीने सांभाळत) आहेत, त्यांचा प्रवाह आवरणारे स्थिर ऋण व्होल्टेज, म्हणजे बायस, त्यांना दिलेले आहे, पॉवर ट्रान्सफॉर्मरचे दुय्यम वाइंडिंग ३२५-०-३२५ व्होल्टचे आहे आणि एसीचे डीसी करणारा रेक्टिफायर म्हणून गेली काही वर्षे ५यू४जीबी ही नळी होती. एका संध्याकाळी स्टँडबाय स्विच (नळ्या तापल्यावर उच्च व्होल्टेज जोडणारा) चालू केल्याबरोबर तिच्या आत निळसर ठिणगी दिसली आणि फ्यूज उडाला. दुसरी नळी लावून काम भागले असते. पण रेक्टिफायर बदलून पाहावा ही इच्छा बरेच दिवस मनात होती, आणि नळीच्या जागी सिलिकॉन डायोड बसवणे हे तासाभराचे काम आहे असा माझा समज होता. डायोड सोल्डर करण्याचे काम खरोखरच तासाभरात झाले. त्यांच्यामुळे पुढच्या सगळ्या सर्किटमध्ये जे बदलले ते समजून घेऊन जागेवर आणायला मात्र पुढचे तीन आठवडे गेले, आणि हे लेखन मुख्यतः त्या तीन आठवड्यांविषयी आहे.

आधी एक गोष्ट स्पष्ट करतो. या सर्किटमधला पहिला कपॅसिटर ४० मायक्रोफॅरडचा आणि त्यावरचे व्होल्टेज ४६० धरले, तरी त्यात चार ज्यूलहून अधिक ऊर्जा साठलेली असते आणि मेनची पिन काढल्यावरही ती तिथेच राहते. प्रत्येक वेळी चासीत (धातूच्या सांगाड्यात) हात घालण्यापूर्वी मी कपॅसिटर रेझिस्टरमधून रिकामा करतो आणि मीटरवर दहा व्होल्टपेक्षा कमी आकडा पाहिल्याशिवाय काहीही शिवत नाही. ज्यांना ही सवय नाही त्यांनी हे काम जाणकाराकडे द्यावे, असे मी मनापासून सांगतो.

रेक्टिफायर नळीचे काम दुय्यम वाइंडिंगच्या दोन्ही टोकांकडून आळीपाळीने प्रवाह घेऊन तो एकाच दिशेने पुढे पाठवणे एवढेच आहे, आणि ते सिलिकॉन डायोडही करतो. फरक आहे तो वाटेत खर्च होणाऱ्या व्होल्टेजचा. सिलिकॉन डायोडवर जेमतेम एक व्होल्ट पडतो आणि प्रवाह वाढला तरी तो फारसा बदलत नाही. ५यू४जी या नळीवर एका प्लेटमधून २२५ मिलिअँपिअर वाहत असताना सुमारे ४४ व्होल्ट पडतात. त्याच प्रवाहाला जीझेड३४ या दुसऱ्या रेक्टिफायर नळीवर सुमारे १७ व्होल्टच पडतात, कारण तिच्यात इलेक्ट्रॉन सोडणारा कॅथोड आणि ते झेलणारी प्लेट यांमधले अंतर फार थोडे ठेवलेले आहे. ५वाय३ ही लहान नळी १२५ मिलिअँपिअरलाच ५० ते ६० व्होल्ट घेते. म्हणजे नळी ही एका अर्थाने एचटीच्या, म्हणजे पुढच्या सर्किटला मिळणाऱ्या उच्च डीसी व्होल्टेजच्या, वाटेत बसवलेला रोध आहे, आणि अ‍ॅम्प्लिफायर जितका जोरात वाजेल तितके जास्त व्होल्टेज ती स्वतःवर घेते. जोरात छेडलेल्या सुराच्या आरंभी एचटी खाली बसते आणि सूर ओसरू लागला की पुन्हा वर येते. वादक ज्याला ‘सॅग’ म्हणतात ते हेच.

बदल करण्यापूर्वी मी नवी ५यू४जीबी लावून आकडे टिपून ठेवले, आणि या सगळ्या उद्योगात मी केलेली सर्वात शहाणपणाची गोष्ट तीच होती. स्वस्थ स्थितीत (काही वाजत नसताना) एचटी ४०० व्होल्ट, बायस उणे ४० व्होल्ट आणि प्रत्येक ६एल६च्या कॅथोडमधून ३५ मिलिअँपिअर, म्हणजे प्रत्येकी १४ वॅट. (कॅथोड आणि चासी यांच्यामध्ये एक ओहमचा रेझिस्टर कायमचा बसवलेला असला, की त्यावरचे मिलिव्होल्ट म्हणजेच मिलिअँपिअर. हा आकडा स्क्रीनचा प्रवाह धरून असतो, त्यामुळे प्लेटवरचा खरा भार त्याहून थोडा कमीच असतो.) आठ ओहमचा कृत्रिम भार जोडून, लाट कापली जाण्याच्या काठापर्यंत १ किलोहर्ट्झचा सूर दिला तेव्हा एचटी ३५० व्होल्टपर्यंत उतरली आणि भारावर सुमारे ३० वॅट मिळाले.

मग नळी काढली आणि डायोड बसवले. १एन४००७ हा डायोड उलट्या दिशेने १००० व्होल्ट सहन करतो, आणि ३२५ व्होल्टच्या वाइंडिंगला एकच पुरेल असे पहिल्या नजरेला वाटते. पण मध्यबिंदू असलेल्या वाइंडिंगवर न वाहणाऱ्या डायोडच्या एका टोकाला कपॅसिटरचे ४६० व्होल्ट (३२५ चे शिखर-मूल्य) असतात आणि दुसऱ्या टोकाला त्याच क्षणी उणे ४६० व्होल्ट; म्हणजे त्याच्यावर एकूण ९२० व्होल्ट पडतात. मेनचे व्होल्टेज दहा टक्के चढले की हाच आकडा हजाराच्या पलीकडे जातो. म्हणून प्रत्येक बाजूला दोन डायोड एकापाठोपाठ जोडले. ऑक्टल सॉकेटवर या नळ्यांच्या प्लेटा ४ आणि ६ क्रमांकाच्या पिनांवर असतात आणि एचटी ८ क्रमांकावरून निघते. त्यामुळे डायोडांचे पट्टी असलेले टोक ८ कडे ठेवून चारही डायोड सॉकेटवरच बसतात.

नळीच्या फिलॅमेंटचे पाच व्होल्टचे वाइंडिंग आता रिकामे झाले. हे वाइंडिंग पाच व्होल्टचे आहे म्हणून निरुपद्रवी आहे, हा समज धोक्याचा आहे: २ आणि ८ या पिनांना जोडलेले ते संपूर्ण वाइंडिंग चासीच्या तुलनेत पूर्ण एचटीवर असते. नळी कायमची काढायची असेल तर त्याची दोन्ही टोके सोडवून, वेगवेगळी बंद करून, चासीपासून दूर बांधून ठेवावी लागतात. ५यू४जीबीचे फिलॅमेंट पाच व्होल्टला तीन अँपिअर घेते, म्हणजे ट्रान्सफॉर्मरवरचा १५ वॅटचा भार एकदम गेला, आणि तासभर वाजवल्यानंतर त्याला हात लावला तेव्हा तो फरक जाणवलाही.

अ‍ॅम्प्लिफायर चालू केला. बायसला अजून हात लावलेला नव्हता. एचटी ४३२ व्होल्ट दिसली, म्हणजे जेमतेम आठ टक्क्यांची वाढ; पण प्रत्येक नळीचा प्रवाह ३५ वरून ५७ मिलिअँपिअरवर गेला होता. १४ वॅटवर शांतपणे चालणाऱ्या ६एल६ जवळजवळ २५ वॅटवर पोहोचल्या होत्या. त्यांची मर्यादा ३० वॅट असली तरी स्थिर बायसच्या अ‍ॅम्प्लिफायरमध्ये स्वस्थ स्थितीत तिच्या सत्तर टक्क्यांपलीकडे, म्हणजे २१ वॅटपलीकडे जाऊ नये, हा संकेत बहुतेक जण पाळतात. मी लगेच बंद केले.

आठ टक्के व्होल्टेजने साठ टक्क्यांहून अधिक प्रवाह का वाढावा, हे समजून घेण्यासारखे आहे, कारण रेक्टिफायर बदलणाऱ्या बहुतेकांची चूक इथेच होते. ६एल६सारख्या नळीत प्रवाह प्लेटच्या व्होल्टेजवर फारसा अवलंबून नसतो. तो ठरतो स्क्रीन ग्रिडच्या, म्हणजे पहिली ग्रिड आणि प्लेट यांमधल्या जाळीच्या, व्होल्टेजवर. ६एल६मध्ये स्क्रीनवरचे साधारण आठ व्होल्ट हे बायस मिळणाऱ्या पहिल्या ग्रिडवरच्या एका व्होल्टएवढे काम करतात. एचटीवरच चालणारी स्क्रीन ४०० व्होल्टवर असताना तिचा जोर ग्रिडच्या भाषेत ५० व्होल्टचा आणि त्याला अडवणारा बायस ४० व्होल्टचा, म्हणजे शिल्लक १०. स्क्रीन ४३२ व्होल्ट झाली की जोर ५४ होतो, बायस मात्र वेगळ्या टॅपवरून येत असल्याने ४० वरच राहतो, आणि शिल्लक १४ होते. प्रवाह या शिल्लकेच्या दीडाव्या घाताच्या प्रमाणात वाढतो, आणि १.४ चा दीडावा घात १.६५ च्या आसपास येतो. मीटरवर दिसलेली वाढ नेमकी एवढीच होती. हा हिशेब कागदावर जुळला तेव्हा मला जो आनंद झाला तो सांगता येणार नाही. तोपर्यंत बायस लावणे ही माझ्यासाठी पाठ केलेली कृती होती.

बायस उणे ४५ व्होल्टवर नेल्यावर प्रवाह ३४ मिलिअँपिअर आणि एचटी ४३८ व्होल्ट झाली. कॅथोड रेझिस्टरवर स्वतःचा बायस घेणाऱ्या अ‍ॅम्प्लिफायरमध्ये हे संकट एवढे तीव्र नसते, कारण प्रवाह वाढला की बायसही वाढतो. पण तिथेही प्लेटवरचे वॅट मोजल्याशिवाय राहू नये. फेंडरच्या ५ई३ डिलक्समध्ये ५वाय३ आणि दोन ६व्ही६ असतात. अशा ठिकाणी केवळ पिना जुळतात म्हणून जीझेड३४ खोचली तर एचटी कित्येक व्होल्टांनी चढते आणि तो भार लहानशा ६व्ही६वर येतो. उलट त्याच सॉकेटमध्ये ५यू४जीबी खोचली तर दोन अँपिअर देणाऱ्या फिलॅमेंट वाइंडिंगकडून तीन अँपिअर मागितले जातात. नावात सुरुवातीचा पाचाचा आकडा सारखा असला तरी या नळ्या एकमेकींच्या जागी मुक्तपणे बसत नाहीत.

पुढची अडचण कपॅसिटरची होती. ६एल६ अजून तापलेल्या नसताना, म्हणजे त्या प्रवाह घेत नसताना, पहिल्या कपॅसिटरवर मला ४७८ व्होल्ट दिसले. भार नसला की ट्रान्सफॉर्मर आपल्या लिहिलेल्या आकड्याहून थोडे जास्तच देतो. माझा कपॅसिटर ४० मायक्रोफॅरड, ५०० व्होल्टचा होता. मेन पाच टक्के चढले की तो काठावर पोहोचणार. ५यू४जीबी किंवा ५वाय३ याही थेट तापणाऱ्या नळ्या असल्याने काही सेकंदांत वाहू लागतात आणि पॉवर नळ्या तापेपर्यंत कपॅसिटरवर जवळजवळ पूर्ण शिखर-व्होल्टेज टाकतात. पण सिलिकॉन ते पहिल्याच क्षणी टाकतो आणि मध्ये काहीही पाडत नाही. मी १०० मायक्रोफॅरड, ३५० व्होल्टचे दोन कपॅसिटर एकापाठोपाठ जोडून ५० मायक्रोफॅरड आणि ७०० व्होल्टची सोय केली. व्होल्टेज दोघांत समान वाटले जावे म्हणून प्रत्येकाला समांतर २२० किलोओहमचा दोन वॅटचा रेझिस्टर दिला. हेच रेझिस्टर बंद केल्यावर कपॅसिटर रिकामेही करतात, पण ४८० वरून दहा व्होल्टवर यायला त्यांना सुमारे दीड मिनिट लागते.

एवढे झाल्यावर मी पुन्हा मोजणी केली. पूर्ण जोरात एचटी ४०८ व्होल्टपर्यंतच उतरत होती, आणि भारावर ३० ऐवजी ४० वॅट मिळत होते. कानाला हा फरक सव्वा डेसिबलचा, म्हणजे जेमतेम ओळखू येईल इतकाच. सिलिकॉन बसवल्यावर अ‍ॅम्प्लिफायर खूप मोठ्याने वाजू लागतो असे जे म्हटले जाते ते मला पटत नाही. मोठेपणा वाढत नाही, बोटांना मिळणारे उत्तर बदलते. जाड तारांवरचा आघात आता लगेच आणि संपूर्ण येत होता, सुराचा पाया घट्ट झाला होता. स्वच्छ आवाजात आणि जलद तालाच्या वादनात हे सुंदर होते. पण संथ, ताणलेल्या सुरात पूर्वी आघात किंचित दबून मग सूर फुलत असे, ते फुलणे हरवले होते, आणि मी ज्या प्रकारे वाजवतो त्यात मला तेच हवे असते.

हे फुलणे कुठून येते तेही आकड्यांत दिसते. ५यू४जीबी असताना प्रवाह सुमारे ८५ वरून २१५ मिलिअँपिअरवर गेला की एचटी ५० व्होल्टने पडत होती; म्हणजे पुरवठ्याचा अंतर्गत रोध ३८५ ओहमच्या आसपास. त्याला ४० मायक्रोफॅरडने गुणले की सुमारे १५ मिलिसेकंद येतात, आणि गिटारच्या तारेवरचा आघातही साधारण अशाच काळात घडतो. म्हणून हा बदल कानापेक्षा बोटांना आधी कळतो. मात्र या रोधाचे श्रेय एकट्या नळीला देऊ नये. सिलिकॉन असतानाही एचटी ३० व्होल्टने उतरतच होती. तो ट्रान्सफॉर्मरच्या तारेचा रोध होता. आणि जो अ‍ॅम्प्लिफायर पूर्ण ए वर्गात चालतो, ज्याचा सरासरी प्रवाह शांततेत आणि जोरात जवळजवळ सारखाच राहतो, त्यात रेक्टिफायर कोणताही असला तरी सॅग फारशी जाणवणार नाही. एका ६व्ही६च्या छोट्या अ‍ॅम्प्लिफायरमध्ये सॅग आणण्यासाठी रेक्टिफायर बदलणे म्हणूनच मला व्यर्थ वाटते.

डायोड ठेवूनच रोध परत आणावा म्हणून मी वाइंडिंगच्या प्रत्येक टोकाला, डायोडच्या आधी, १५० ओहमचा २५ वॅटचा वायरवाउंड रेझिस्टर जोडला. रेझिस्टर पहिल्या कपॅसिटरच्या आधी ठेवायचा की नंतर, याला मोठे महत्त्व आहे. कपॅसिटरच्या आधी प्रवाह सलग वाहत नाही. प्रत्येक अर्ध्या लाटेच्या शिखराजवळ तो थोडा वेळ आणि सरासरीच्या कितीतरी पट जोराने वाहतो. त्यामुळे तिथला १५० ओहम एचटीवर २५० ओहमसारखा परिणाम करतो. पूर्ण जोरात एचटी ४०८ ऐवजी ३५६ व्होल्टवर आली, म्हणजे ५२ व्होल्ट कमी. तोच रेझिस्टर कपॅसिटरनंतर असता तर जेमतेम ३२ व्होल्ट पडले असते. नळी याच जागी, स्पंदनांच्या वाटेत बसलेली असते, म्हणून नळीची नक्कल करणारा रेझिस्टरही तिथेच हवा. एक सामाईक रेझिस्टरही चालतो, पण त्याला वीस वॅटच्या आसपास उष्णता एकट्याने सोसावी लागते. दोन केले की ती निम्मी-निम्मी वाटली जाते.

नळीतला प्रवाह व्होल्टेजच्या दीडाव्या घाताने वाढतो, त्यामुळे प्रवाह वाढताना तिचा रोध घटत जातो, आणि साध्या रेझिस्टरचा रोध स्थिर असतो. हा सूक्ष्म फरक ऐकू यायला हवा असे मानणारे आहेत. मी ओळखीच्या एका वादकाला बायस दोन्ही वेळा नीट लावून, काय जोडले आहे ते न सांगता वाजवायला दिले. त्याला तो ओळखता आला नाही, मलाही नाही. साधा १एन४००७ आणि जलद बंद होणारा यूएफ४००७ हेही बदलून पाहिले. डायोड बंद होतानाचा धक्का ट्रान्सफॉर्मरच्या वाइंडिंगला छेडतो आणि ती गुणगुण तारांची मांडणी सैल असेल तर प्रीअ‍ॅम्पपर्यंत पोहोचते हे खरे. माझ्या चासीत कानाला काही फरक पडला नाही, तरी पैशांचा फरक नगण्य असल्याने जलद डायोडच ठेवले.

रेझिस्टरांनी आवाज परत आणला, पण ते चासीच्या आत, इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरांपासून हातभर अंतरही नाही अशा ठिकाणी तापत होते, आणि ते मला मान्य नव्हते. ५यू४जीबीकडे परतायचा रस्ता मीच बंद केला होता, कारण तिच्यासाठी पहिला कपॅसिटर ४० मायक्रोफॅरडपर्यंतच ठेवावा आणि माझा आता ५० झाला होता. कपॅसिटर मोठा झाला की स्पंदने अरुंद आणि उंच होतात, आणि कॅथोडला त्या उंचीचा प्रवाह देता आला नाही की ठिणगी उडते. माझी पहिली नळी अशीच गेली असावी: माझा स्टँडबाय स्विच रेक्टिफायर आणि पहिला कपॅसिटर यांच्यामध्ये होता, म्हणजे दर वेळी तापलेल्या नळीसमोर मी एक रिकामा कपॅसिटर एकदम आणून ठेवत होतो. तो स्विच आता पहिल्या कपॅसिटरनंतर आहे. जीझेड३४ला मात्र ६० मायक्रोफॅरडपर्यंतची मुभा आहे, ती पाच व्होल्टला १.९ अँपिअरच घेते, आणि तिचा कॅथोड अप्रत्यक्षपणे तापत असल्याने एचटी हळूहळू चढते. फेंडरच्या ५एफ६-ए बासमनमध्ये, मार्शलच्या जेटीएम४५मध्ये आणि व्हॉक्सच्या एसी३०मध्ये हीच नळी होती, तर १९६३च्या ट्विन रिव्हर्बमध्ये फेंडरने सिलिकॉन वापरला. स्वच्छ आवाजाचा मोठा अ‍ॅम्प्लिफायर हवा तिथे सिलिकॉन आणि थोडी सैल पकड हवी तिथे नळी, ही विभागणी माझ्या अनुभवाशी जुळते.

जीझेड३४ लावण्यापूर्वी तिच्या प्रत्येक प्लेटमागे किती रोध आहे तो काढला, कारण तिच्या माहितीपत्रकात व्होल्टेजनुसार किमान रोध दिलेला असतो. दुय्यम वाइंडिंगच्या अर्ध्या भागाचा रोध, अधिक प्राथमिकचा रोध गुणिले वेढ्यांच्या गुणोत्तराचा वर्ग, एवढाच हा हिशेब आहे. माझ्याकडे बेरीज कमी पडत होती, म्हणून प्रत्येक टोकाला ४७ ओहमचा दहा वॅटचा रेझिस्टर ठेवला. डायोडही काढले नाहीत. प्रत्येक बाजूचे दोन यूएफ४००७ आता वाइंडिंग आणि नळीची प्लेट यांच्यामध्ये, पट्टीचे टोक प्लेटकडे करून बसले आहेत. एरवी ते काहीच बदलत नाहीत. पण नळी आतून शॉर्ट झाली तर एसी उलट दिशेने कपॅसिटरांवर जाऊ शकत नाही आणि ट्रान्सफॉर्मर वाचतो. वाइंडिंगच्या मध्यबिंदूपासून चासीकडे जाणाऱ्या तारेत एक वेगळा फ्यूजही घातला आहे. नळीचा रेक्टिफायर असलेल्या कोणत्याही अ‍ॅम्प्लिफायरमध्ये फक्त एकच बदल करायचा असेल, तर तो या चार डायोडांचा करावा.

पहिल्यांदा चालू करताना नेहमीप्रमाणे मेनच्या सिरीजमध्ये (प्रवाह मर्यादित ठेवणारा) दिवा ठेवला होता. तो विझण्याइतका मंद झाल्यावर काढला आणि मगच बायस लावला, कारण दिवा मध्ये असताना सगळी व्होल्टेजे खाली असतात आणि तेव्हा लावलेला बायस खोटा ठरतो. स्वस्थ स्थितीत एचटी ४२४ व्होल्ट, बायस उणे ४३, प्रत्येक नळीला ३५ मिलिअँपिअर. पूर्ण जोरात ३८०. आघात सिलिकॉनइतका कडक नाही आणि ५यू४जीबीइतका मऊही नाही, आणि ताणलेला सूर पुन्हा फुलतो. हे चार आकडे आणि तारीख लिहिलेला कागद चासीच्या आतल्या बाजूला चिकटवला आहे. त्याच्या वर ५यू४जीबीचे जुने आकडेही तसेच ठेवले आहेत.